खुंट्यावरचा दुसरा हात

‘देव जनाबाईला दळू लागला’ हे वाक्य मराठी माणसाला मुद्दाम शिकवावं लागत नाही. ते कीर्तनात असतं, शाळेच्या पुस्तकात असतं, आषाढीला ग्रुपवर फिरणाऱ्या चित्रात असतं. चित्रही ठरलेलं. एका बाजूला नऊवारीतली जनी, दुसऱ्या बाजूला मुकुट घातलेला विठ्ठल, मधे जातं. दोघांच्याही चेहऱ्यावर फोटोसाठी बसल्यासारखं हसू. जातं ओढताना असं हसणारं माणूस मी अजून पाहिलेलं नाही.

आपण ते चित्र ‘भक्ताच्या हाकेला देव धावतो’ या खात्यात टाकतो आणि पुढे सरकतो. मला तिथे जरा थांबायचंय. कुणी बघत नसताना, कुणाला न सांगता दुसऱ्याचं लहानसं काम करणं, या विषयावर मराठीत पुष्कळ लिहिलं गेलंय. त्यातलं बरंचसं सकाळी सहाला सूर्योदयाच्या फोटोवर चिकटून येणाऱ्या सुविचारांच्या जातीचं आहे. सेवा करा, नम्र राहा, फळाची अपेक्षा धरू नका. वाचायचं, नमस्काराचे दोन हात चिकटवायचे, विसरायचं. जनीचे अभंग त्या जातीचे नाहीत. ते वाचताना मला दोन अवघड प्रश्न पडतात. सेवा कुणाला दिसलीच नाही, तर ती झाली होती हे सांगायचं कुणी? आणि ती लपून झाली याचा भुर्दंड पडतो कुणावर?

आधी जनी कोण, ते थोडक्यात. ती मूळची गंगाखेडची, गोदावरीकाठची. लहानपणीच पंढरपूरला दामाशेटी शिंप्यांच्या घरी आली आणि तिथेच कामाला राहिली. दामाशेटींचा मुलगा म्हणजे संत नामदेव. तेराव्या-चौदाव्या शतकातली ही गोष्ट. खटलं मोठं: दामाशेटी, गोणाई, नामदेव, त्यांची बायको राजाई, चार मुलगे, पुढे सुना. एवढ्या तोंडांचं दळण, कांडण, पाणी, शेण, झाडलोट म्हणजे जनीचा दिवस. अभंगांत ती स्वतःला नामदेवाची दासी म्हणवते.

‘दासी’ हा शब्द आपण भक्तीतला दागिना समजून वाचतो. मीराबाईही स्वतःला दासी म्हणवते, तसंच हे, असं वाटतं. पण मीरा राजघराण्यातली होती. दासी होणं तिनं स्वतः निवडलं आणि त्यासाठी बरंच काही सोडलं. जनीकडे सोडायला काही नव्हतं. तिच्यासाठी दासीपण हा रोजचा धंदा होता, आणि तो सोडून जायला दुसरी जागा नव्हती. नम्रतेबद्दल बोलताना हा फरक आपण फार सहज विसरतो. उंचावर बसलेला माणूस खाली वाकला की त्याला नम्र म्हणतात. जी आधीपासूनच जमिनीवर बसून शेण थापतेय, तिला कुठे वाकायला सांगणार?

जनीच्या नावावरचे साडेतीनशेच्या आसपास अभंग नामदेवांच्या गाथेबरोबर छापले जातात. सगळे तिचेच का, यावर अभ्यासकांचे वाद आहेत. शतकानुशतकं तोंडोतोंडी आलेल्या रचनांचं असं होणारच. मी ‘जनी’ म्हणते तेव्हा त्या अभंगांतून बोलणारी बाई, एवढंच मला म्हणायचंय.

आता या अभंगांमध्ये देव नेमकं काय करतो, त्याची यादी करून बघा. तो दळतो, कांडतो. रानात शेणी वेचायला तिच्यामागून जातो. पाणी भरतो. अंगण झाडतो आणि केर भरून टाकून येतो. धुणं धुतो. एका अभंगात जनी डोक्यातल्या उवांनी हैराण झालीय, तर हा चक्क बाई होऊन येतो, तिचे केस मोकळे करतो आणि उवा काढत बसतो.

या यादीत चमत्कार एकही नाही. देवाच्या हातात काय नव्हतं? जातं आपोआप फिरेल असं करता आलं असतं. पिठाचा कणगा कधी रिकामा होणार नाही, असं करता आलं असतं. गोणाईच्या मनात दया उत्पन्न करून एक दुसरी मोलकरीण ठेवायला लावता आली असती. संतांच्या आख्यायिकांमध्ये भिंत चालते, रेडा वेद बोलतो, मेलेली गाय उठते. जनीच्या झोपडीत देव आला की फक्त केर निघतो आणि पीठ पडतं. जनीला मिळालेली मदत अशी बारीक आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा दळण आहेच.

जात्याचं काम कसं चालतं हे माहीत असलं तर ही मदत जास्त नीट कळते. माझ्या आजीकडे जातं होतं. गावात गिरणी आल्यापासून ते मेतकूट आणि सणावारी भरडायची डाळ एवढ्यापुरतं उरलं होतं. जास्त दळण असलं की शेजारच्या काकू यायच्या आणि दोघी समोरासमोर बसायच्या. खालची तळी स्थिर, वरची फिरती. वरच्या तळीला खुंटा एकच. त्या एका खुंट्यावर दोघींचा एकेक हात. मोकळ्या हातानं आजी मधल्या तोंडात मुठीमुठीनं दाणे वैरायची. अर्धं वर्तुळ एकीनं ओढायचं, अर्धं दुसरीनं. बघताना सोपं वाटतं. पण दोघींपैकी एकीनं आपल्या मनाच्या वेगानं ओढायला सुरुवात केली, की दुसरीला ते एकटीनं दळण्यापेक्षा जड जातं. म्हणून नंतर येऊन बसणारीनं आधीचीची लय पकडायची असते. काकू बसल्या की पहिले दोन-चार फेरे त्यांचा हात नुसता खुंट्याबरोबर फिरायचा. जोर मागाहून यायचा.

जनीचा विठ्ठल हा असा नंतर येऊन बसणारा आहे. तो ‘तू ऊठ, मी करतो’ म्हणून तिच्या हातातलं काम काढून घेत नाही. घाई करत नाही, उपदेश करत नाही. दळण जनीचं आहे, लय जनीची आहे, दळताना म्हणायचं गाणंही जनीचं आहे. तो खुंट्यावर दुसरा हात ठेवतो. लहान सेवेची याहून नेमकी प्रतिमा मराठी कवितेत मला सापडलेली नाही. आपण मदत करायला जातो तेव्हा बहुतेकदा लय आपली घेऊन जातो. आईच्या स्वयंपाकघरात घुसून सगळे डबे ‘नीट’ लावून देतो आणि पुढचे चार दिवस तिला हिंग सापडत नाही.

हे सगळं पहाटे घडतं, घर झोपलेलं असताना. बघायला कुणी नाही. मग आपल्याला कळलं कसं? देवानं सांगितलं नाही. नामदेवांनी किंवा गोणाईनं दाराच्या फटीतून पाहिलं म्हणूनही नाही. हे जनीनं सांगितलं. जिला मदत झाली, तीच साक्षीदार आहे आणि तीच कवी आहे. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, आणि तो ठसवण्यासाठी मला जनीशेजारी आणखी दोन गोष्टी ठेवायच्या आहेत. एक पैठणची आहे आणि एक लग्नाच्या मांडवातली.

पैठणची गोष्ट श्रीखंड्याची. संत एकनाथांच्या वाड्यावर एक मुलगा आला आणि कामाला ठेवा म्हणाला. नाव श्रीखंड्या. गोदावरीवरून कावडीनं पाणी आणून रांजण भरायचा, पूजेला चंदन उगाळायचं, पडेल ते काम करायचं. असं बारा वर्षं चाललं. मग द्वारकेहून एक ब्राह्मण श्रीखंड्याला शोधत पैठणला आला. त्याला दृष्टांत झाला होता की कृष्णाचं दर्शन हवं असेल तर द्वारकेत बसून उपयोग नाही, तो पैठणला एकनाथांच्या घरी पाणी भरतोय. विचारपूस सुरू झाली आणि श्रीखंड्या नाहीसा झाला. नाथांना कळलं तेव्हा ते हळहळले: आपण देवाकडून पाणी भरून घेतलं.

अशीच सेना न्हाव्याची गोष्ट. सेना भजनात रमला म्हणून देव त्याच्या रूपात धोपटी घेऊन राजाची हजामत करायला गेला. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशाही कोठारं लोकांना खुली केली, तेव्हा त्या धान्याचे पैसे बेदरला भरून आला तो विठू महार होऊन गेलेला विठ्ठल. अठराव्या शतकात महिपतीनं संतांची चरित्रं ओवीबद्ध केली आणि कीर्तनकारांनी अशा गोष्टी घरोघर नेल्या. मराठी माणसाच्या मनात देव सिंहासनावर कमी आणि कुणाच्या तरी हाताखाली जास्त बसतो, ही मला आपल्या परंपरेतली लोभस गोष्ट वाटते. देवाला पाणक्या, न्हावी, महार, मोलकरीण करायला धीर लागतो, आणि तो या गोष्टी रचणाऱ्यांकडे होता.

तरीही श्रीखंड्याची गोष्ट मला टोचते. बारा वर्षं एक पोरगा घरात पाणी भरतोय. त्या बारा वर्षांतला एकही प्रसंग गोष्टीत नाही. त्याचे खांदे दुखले का, पावसाळ्यात नदीला पूर आला तेव्हा तो काय करायचा, जेवायला तो कुणाबरोबर बसायचा, काही नाही. गोष्ट सुरू होते ती द्वारकेचा माणूस दारात उभा राहिल्यावर. म्हणजे पाणी भरणाऱ्याकडे घरानं नीट पाहिलं ते तो देव होता हे कळल्यावर, आणि तेव्हा तो तिथे नव्हता. समजा तो खरोखरच कुणी गरिबाघरचा पोरगा असता आणि बारा वर्षांनी काम सोडून गेला असता, तर आपल्याला त्याचं नावही कळलं नसतं. अशा न कळलेल्या नावांनी जुन्या वाड्यांचे रांजण भरलेले असणार.

गंमत म्हणजे पैठणला आजही नाथषष्ठीच्या आधी वाड्यातला तो रांजण भाविक गोदावरीच्या पाण्यानं भरतात. शेकडो माणसं घागरी ओततात. आणि ज्याच्या घागरीनं रांजण भरून ओसंडतो, त्याचा सत्कार होतो. श्रद्धेबद्दल मला काही म्हणायचं नाही, माणसं उन्हात रांगेनं पाणी आणतात हे सुंदरच आहे. पण आपल्या कौतुकाची रीत त्यात कशी स्वच्छ दिसते बघा. रांजण ओसंडला ते पाणी दिसतं. त्याच्या खालचं पाणी कुणाचं, हे रांजणालाही सांगता येणार नाही.

दुसरी गोष्ट पु. ल. देशपांड्यांच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’मधल्या नारायणाची. या पुस्तकाला १९६५ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि त्यातली माणसं पुस्तकातून उठून आपल्या बोलण्यात येऊन बसली. नारायण तर विशेषच. ‘आमच्याकडचा नारायण’ म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. लग्न ठरल्यापासून वरात निघेपर्यंत ज्याला दर पाच मिनिटांनी कुणीतरी हाक मारतं, खरेदीपासून आचाऱ्यापर्यंत सगळं ज्याच्या डोक्यावर असतं, आणि फोटोच्या वेळी जो कुठेतरी भलतीकडेच धावत असतो, तो.

नारायणावर आपण हसतो. ते हसू प्रेमाचं आहे, शंकाच नाही. पण परत वाचताना मला त्या हसण्याचं दुसरं कामही दिसतं. ज्याचे आभार मानायचे राहून गेले, त्याच्याबद्दल मजेनं बोललं की आभार मानल्यासारखं वाटतं. ‘आपला नारायण आहे ना, तो बघेल’ यातला ‘आपला’ फार फसवा आहे. त्या एका शब्दात माया असते आणि कामाला जुंपणंही असतं. पुलंची करामत अशी, की त्यांनी हसवता हसवता नारायण आपल्याला दाखवला. यजमानाला तो दिसला नसता, कारण यजमान कामात होता. नवरानवरीला दिसला नसता, कारण ती स्टेजवर होती. तो दिसला एका पाहुण्याला. पाहुण्याला मांडवात काम नसतं, त्यामुळे त्याचे डोळे मोकळे असतात. तो पाहुणा लेखक होता, हे नारायणाचं नशीब.

तर साक्षीदार तीन तऱ्हेचे झाले. श्रीखंड्याला घरानं ओळखलं ते तो गेल्यावर, बाहेरच्या माणसानं सांगितल्यावर. नारायणाला पाहिलं तिऱ्हाईतानं. आणि विठ्ठलाला पाहिलं जनीनं, हात खुंट्यावर असताना, ज्या क्षणी मदत होत होती त्याच क्षणी. तिला कळायला बारा वर्षं लागली नाहीत. कारण उघड आहे. जी स्वतः रोज दळते, तिला खुंटा हलका झालेला लगेच कळतो. एकनाथ थोर होते, उदार होते, पण घरचं पाणी त्यांनी भरलेलं नव्हतं. रांजण भरलेला असतो, एवढंच ज्याला माहीत, त्याला भरणारा दिसत नाही. राबणाऱ्याला राबणारा दिसतो.

आता भुर्दंडाचं बघू. जनीची ही कथा इथे गोड वळणावर संपली असती, पण परंपरेनं ती तशी संपवलेली नाही. एके रात्री विठ्ठल जनीकडे आला आणि गळ्यातलं पदक तिथेच विसरून गेला. सकाळी देवळात बडव्यांच्या लक्षात आलं, देवाच्या अंगावरचं पदक नाही. शोध सुरू झाला. संशय कुणावर? थेट जनीवर. झोपडीत पदक सापडलं. तिला चोर ठरवून चंद्रभागेच्या वाळवंटात सुळावर द्यायला नेलं. शेवटी सुळाचं पाणी झालं आणि ती वाचली, असं कथा सांगते.

सुळाचं पाणी होणं आपण चमत्कार म्हणून लक्षात ठेवतो. मला त्याच्या आधीचा भाग जास्त हादरवतो, कारण तो अजिबात चमत्कारिक नाही. घरातली वस्तू हरवली की पहिली नजर कामवालीकडे जाते, हे सांगायला तेराव्या शतकात जायची गरज नाही. अंगठी सापडत नाही म्हटल्यावर सोफ्याची गादी उचलण्याआधी भांडीवाल्या मावशींना फोन करणारी घरं तुम्ही पाहिली असतील. आणि या कथेतली बारीक खोच अशी, की जनीवर संकट आलं ते देवाच्या चांगुलपणामुळे. तो गुपचूप आला, गुपचूप गेला, त्याला कुणी पाहिलं नाही. न दिसण्याची ही मुभा त्याची होती. त्याची किंमत तिनं मोजली. ‘देव आला होता’ असं तिनं सांगितलं, तरी दासीच्या शब्दावर विश्वास ठेवणार कोण?

म्हणून ‘सेवा लपून करावी’ हे वाक्य मला अपुरं वाटतं. लपण्याची चैन कुणाला परवडते, हे विचारावं लागतं. मोठ्या साहेबानं शिपायाच्या मुलीची फी गुपचूप भरली, तर साहेबाचं नाव कळलं नाही तरी त्याचं काही जात नाही. पण त्या शिपायाकडे अचानक पैसे कुठून आले, ही कुजबुज त्याच्या वाट्याला येते. खाली असलेल्या माणसाला नुसती मदत पुरत नाही. त्या मदतीला साक्षही लागते. ती देण्याची जबाबदारी, वेळ आली की, देणाऱ्यावर येते. सुळाचं पाणी होणं हे मी असं वाचते, की देवाला शेवटी उघडं व्हावंच लागलं.

जनीच्या नम्रतेबद्दलही एक गैरसमज दूर करायला हवा. तिची आणखी एक लोकप्रिय कथा आहे. कबीर तिला भेटायला येतात, तर ही बाई शेणाच्या गोवऱ्यांवरून दुसऱ्या बाईशी भांडत असते. माझ्या गोवऱ्या हिनं चोरल्या! कबीर चकित होतात. गोवऱ्यांच्या ढिगात तुझ्या कोणत्या हे ओळखायचं कसं? जनी म्हणते, कानाला लावून बघा, ज्यातून विठ्ठलाचं नाव ऐकू येईल त्या माझ्या. कबीर जनीनंतरच्या काळातले, त्यामुळे ही भेट इतिहासात बसत नाही. पण ज्यांनी ही कथा रचली त्यांना जनी नीट कळली होती. कीर्तनात भर असतो तो गोवरीतून येणाऱ्या नामावर. मला मात्र जनीचं भांडण आवडतं. थापलेल्या गोवऱ्या कुणी नेल्या तर ‘जाऊ दे, देवाची इच्छा’ म्हणणारी ती नाही. काम हलकं असेल, पण ते माझं आहे आणि माझ्या कामावर माझी खूण आहे, असं ती म्हणते. प्रत्यक्ष विठ्ठलालाही ती अभंगांत एकेरीत, तोडून बोलते, शिव्याशाप देते. स्वतःला पुसून टाकणं म्हणजे नम्रता असेल, तर जनी नम्र नाही. बरोबरीनं बसून दळू देण्याइतकी मात्र ती मोकळी आहे. मदत करण्यापेक्षा ती घेताना नम्र राहणं अवघड असतं, आणि तिला ते जमलंय.

इथे कुणी विचारेल, आणि विचारायलाच हवं, की हे सगळं एका थकलेल्या बाईचं स्वप्नरंजन नाही का? पीठ जनीनं एकटीनंच दळलं असणार. देव दळू लागतो अशी कल्पना करून तिनं कष्ट सोसले, आणि आपण ती कल्पना गोड मानून कष्टांकडे डोळेझाक केली. अशा अभंगांचा उपयोग राबणाऱ्या बायकांना ‘राबत राहा, देव बघतोय’ असं सांगायलाही झालाच असेल.

ही शंका मला खरी वाटते. तिला पूर्ण उत्तर देता येईल असंही वाटत नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्यावी. ज्याला काहीही मागता येतं अशा देवाकडे कल्पनेत मागायचं, तर माणूस काय मागेल? जनीनं मागितली ती पलीकडे बसणारी एक व्यक्ती. तिच्या दिवसात काय कमी होतं याचा यापेक्षा स्पष्ट जबाब मिळणार नाही. घरात इतकी माणसं असून खुंट्यावर दुसरा हात नव्हता. हे वाचून देवाचं कौतुक करावं की घरातल्या बाकीच्यांकडे बघावं, हे वाचणाऱ्यानं ठरवायचं. मी तरी बाकीच्यांकडे बघते. देव दळायला येतो या प्रत्येक अभंगात न बोललेली एक तक्रार आहे: तुमच्यापैकी कुणी आलं नाही.

आणि ही तक्रार जनीबरोबर संपली नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या जमवल्या. एक लाखाहून जास्त ओव्यांचा तो संग्रह ‘पारी’ या संकेतस्थळावर थोडा थोडा येत असतो. काहींचं ध्वनिमुद्रणही आहे, फोनवर ऐकता येतं. त्यांत जनी पुन्हा पुन्हा येते. शाळेत न गेलेल्या बायका सातशे वर्षांपूर्वीच्या दासीला शेजारीण असल्यासारखी हाक मारतात आणि तिच्या घरी विठ्ठल दळायला बसल्याची बातमी देतात. आपल्याकडे तो आला नाही, हे माहीत असूनही. लिखित साहित्याचा इतिहास ज्यांनी लिहिला त्यांच्या खूप आधी, या बायकांनी जनीची साक्ष जपून ठेवली होती. एकीनं सांगितलेलं दुसरीनं दळताना पुढे सांगितलं. यांपैकी बहुतेकींची नावं आपल्याला माहीत नाहीत.

आज परिस्थिती उलटी झाल्यासारखी दिसते. रात्री फुटपाथवर झोपलेल्या म्हाताऱ्याच्या अंगावर कुणी ब्लँकेट टाकतं, पण त्याच्या आधी समोर कॅमेरा लावलेला असतो. अशा रीलवर नाक मुरडणं सोपं आहे, आणि निदान त्या माणसाला ब्लँकेट मिळालं हेही खरं. तिथेही मी माझा प्रश्न विचारते: यात साक्ष कुणाची? ब्लँकेट देणारा बोलतो, संगीत बोलतं, खाली पाच हजार माणसं बोलतात. म्हातारा बोलत नाही. त्याला ब्लँकेट हवं होतं की चहा, की कुणी झोपमोड न करणं हवं होतं, हे कळत नाही. जनीच्या अभंगात हे अगदी उलट आहे. तिथे देणारा गप्प आहे आणि घेणारी बोलतेय. मदत कशी होती, किती होती, तिनं किती बरं वाटलं, हे ठरवण्याचा हक्क तिच्याकडे आहे.

मला वाटतं, लहान आणि न दिसणाऱ्या चांगुलपणाबद्दलचा जनीचा विचार हा आहे. ज्यानं केलं त्यानं बोलू नये, हे आपण सगळे मानतो. दुसरं अर्धं आपण विसरलोय: ज्याच्यासाठी केलं, त्यानं बोलावं. सुविचार सगळा भार करणाऱ्यावर टाकतात, त्याला निरपेक्ष राहायला सांगतात. जनीनं घेणारीचं काम करून दाखवलं. तिनं नोंद ठेवली. ती नोंद भाबडी नाही, लाचारही नाही. जो पहाटे खुंटा धरायला आला त्याला ती शिव्या देते, त्याच्यावर हक्क सांगते, आणि तो आला होता हे लपवत नाही.

तेव्हा लग्नाहून परतताना, ऑफिसातून निघताना, किंवा आई दोन दिवस आजारी पडून घर कसं चालतं हे पहिल्यांदा दिसल्यावर, ‘मी कुणासाठी काय केलं’ याच्याआधी दुसरा हिशोब मांडून बघा. आपला खुंटा मधेच हलका झाला होता, तो कुणामुळे? नाव आठवलं तर ते कुणाला तरी सांगा. आणि उद्या घरातली एखादी वस्तू सापडेनाशी झाली, की आधी सोफ्याची गादी उचला.